कोयनेच्या पाण्याला इंधनखर्च नाही, मग ते आधी का वापरायचे नाही?

निर्झर: मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून कोयनेच्या वार्षिक वेळापत्रकावर प्रकल्प करीत आहे. ज्या संचाचा प्रतियुनिट इंधनखर्च कमी, तो आधी चालवायचा, या नियमाने क्रम लावला की जलविद्युत सर्वांत वर येते. माझ्या गणितात प्रत्येक तासाचा खर्च किमान निघतो, परंतु पाण्याचा वर्षाचा कोटा दिवाळीपूर्वीच संपतो आणि उन्हाळ्यात सगळा भार महागड्या संचांवर पडतो. मांडणीत कुठे चुकले असावे?

कालवा: तास सुटे सुटे सोडवले, हीच चूक आहे. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. पाणी साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडते असे धरले, तर एका टीएमसीतून सुमारे सव्वातीन कोटी युनिट मिळतात. म्हणजे पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून होणारे १,६०० मेगावॉट पूर्ण क्षमतेने सरासरी दिवसाला चार तासही चालू शकत नाहीत. आज वापरलेला प्रत्येक घनमीटर मे महिन्यातून काढून घेतलेला असतो. त्यामुळे वार्षिक मर्यादेला लाग्रांज गुणक जोडा, म्हणजे कोट्यात थोडे जास्त पाणी मिळाले तर वर्षाचा खर्च किती वाचेल हे सांगणारा आकडा. तोच पाण्याचा भाव. एक भाव धरून पूर्ण वर्ष सोडवा, वापर कोट्याबाहेर गेला तर भाव वाढवा, कमी पडला तर उतरवा. पाठ्यपुस्तकात धरण भरून वाहू लागले की पाण्याचा भाव शून्य होतो, परंतु कोयनेत ऑगस्टमध्ये दरवाजे उघडले तरी पश्चिमेचा कोटा कायम असल्याने तो शून्य होत नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

वाफ: वरील मांडणी योग्य आहे, परंतु औष्णिक संचांसाठी केवळ सरळ खर्चरेषा धरू नका. कोळशाचा संच दुपारी सौर वीज भरपूर आहे म्हणून दोन तास बंद करून पुन्हा सुरू करता येत नाही. तो तांत्रिक किमान पातळीवर, म्हणजे केंद्रीय संचांच्या नियमानुसार ५५ टक्क्यांवर, चालवत ठेवावा लागतो. चालू की बंद हा निर्णय शून्य-एक चलाने मांडावा लागतो आणि प्रश्न मिश्र-पूर्णांक रेषीय होतो, म्हणजे त्यात काही चले पूर्णांकच असावी लागतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ खंड घेतलेत, तर कोयनेचे खरे मोल दिसेल: संध्याकाळी सूर्य मावळताच काही मिनिटांत भार उचलण्याची तिची ताकद कोळशाच्या संचांत नाही.

निर्झर: दोघांचेही आभार. पावसाच्या अनिश्चिततेसाठी, परेरा आणि पिंटो यांनी १९९१ साली मांडलेली आणि ब्राझीलमध्ये वापरात असलेली यादृच्छिक द्वैत गतिमान प्रोग्रामिंगची (एसडीडीपी) पद्धत घ्यावी का?

कालवा: ती पद्धत एकमेकांशी जोडलेल्या अनेक जलाशयांसाठी आहे, कारण तिथे पातळ्यांच्या जोड्या आवाक्याबाहेर जातात. तुमच्याकडे एकच जलाशय आहे. शिल्लक कोट्याच्या शंभर पातळ्या आणि ५२ आठवडे एवढे साधे गतिमान प्रोग्रामिंग, म्हणजे शेवटच्या आठवड्यापासून मागे येत एकेक आठवडा सोडवणे, घरच्या संगणकावर सहज सुटेल. वर्ष मात्र १ जूनपासून मोजा, आणि पूर्वेकडे सिंचनासाठी सोडायचे पाणी वेगळी अट म्हणून ठेवा. ते या कोट्यात मिसळू नका.