सल्ला हवा: काजूच्या दुकानासाठी किमतीची कार्डं आणि चव-सर्वेक्षणाची कार्डं (बजेट १५०० रुपये)

काजूगर_म्हापसा:
बाजारात काजूचं लहान दुकान आहे. काउंटरवर उभी राहतील अशी १२ कार्डं हवीत: अख्खे गर, पाकळी, तुकडा, सालीसकट भाजलेले, मसाला वगैरे. शिवाय चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गिऱ्हाइकांना तीन मसाल्यांची चव देऊन मत विचारायचंय, त्यासाठी हातात द्यायची कार्डं. पावसात टिकली पाहिजेत. एकूण १५०० च्या वर जाणार नाही.

फोंड्याचा_प्रेसवाला:
५ मिमी सनबोर्डवर (फोमची हलकी, कडक पाटी) व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं चिकट पान, छापून घ्या. बाकी सगळं फुकट जाणारं. कागदच हवा असेल तर ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड, पण लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. एका बाजूने केलं की जुलैत उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, प्लास्टिकची बाजू फुगत नाही, आणि कार्ड प्लास्टिकच्या बाजूला आत वळतं. आणखी एक, कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, उभी ठेवायला सांगा. कार्ड दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा. ज्या घडीला सहज वाकतं तिला ग्रेन समांतर असते. ग्रेन आडवी राहिली तर उभं कार्ड आठवड्यात पुढे मान टाकतं.

रंगरेषा:
सनबोर्ड १५०० मध्ये? त्यांनी बजेट लिहिलंय. प्रेसवाल्यांना दुकानाचं कार्ड म्हणजे छापील वस्तूच वाटते. मुळात ही कार्डं हाताने रंगवलेली असायची. चपटा ब्रश, एका फटकाऱ्यात एक रेघ, आकडा मोठा आणि माल लहान. तीच अजून सगळ्यात लांबून वाचता येतात.

अंत्रुजकर:
छपाईचा विषय निघालाच आहे तर, भारतातला पहिला छापखाना गोव्यातच, १५५६ साली जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. आपल्याला कार्ड छापायला कोणी शिकवायला नको.

रंगरेषा:
तो खिळ्यांचा (धातूच्या सुट्या अक्षरांचा) छापखाना, पुस्तकांसाठी. दुकानातली रंगीत चित्रांची कार्डं शक्य झाली ती लिथोग्राफीमुळे. दगडावर तेलकट शाईने चित्र काढून छापायची ही पद्धत आलॉइस झेनेफेल्डरने १८ व्या शतकाच्या अखेरीस शोधली. पुढे प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून रंगीत छपाई आली, आणि साबण-चहा-बिस्किटवाल्यांनी मागे टेकू लावलेली कार्डं दुकानदारांना फुकट वाटायला सुरुवात केली. १५५६ चा याच्याशी संबंध नाही.

बार्देशकर:
सनबोर्डच घ्या, ५ मिमी.

सर्वे_वही:
दुकानाचं ते बघून घेतील, चवीच्या कार्डांबद्दल लिहितो. तीही कार्डंच, पण काम उलटं. दुकानातलं कार्ड गिऱ्हाइकाला एका मालाकडे ओढतं, सर्वेक्षणातलं कार्ड कुठल्याच उत्तराकडे ओढता कामा नये.

पर्याय डोळ्यांनी वाचले की लोक वरचे जास्त निवडतात, कानांनी ऐकले की शेवटचे. म्हणून दोन संच करा: एकात ‘खूप आवडली’ वर, दुसऱ्यात खाली. निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरा, आणि कोणता दिला ते वहीत लगेच लिहा. वहीत आकड्याऐवजी शब्द लिहा, नाहीतर उलट्या संचाचा १ आणि सुलट्याचा ५ यांचा घोळ होतो. पाच पर्याय पुरेत. ‘सांगता येत नाही’ कार्डावर छापू नका, कोणी आपणहून म्हणालं तर नोंदवा. छापलं की विचार न करता लोक तिथेच बोट ठेवतात.

मसाल्यांना अ-ब-क किंवा १-२-३ नावं देऊ नका, १ नंबरचा आपोआप चांगला वाटतो. ४७२, ८१५, २३९ असे तीन आकडी क्रमांक द्या, खाण्याचा क्रम दर माणसाला बदला, मध्ये पाणी द्या.

अंत्रुजकर:
घरातली कमाईही विचारा. श्रीमंत गिऱ्हाईक कोणता घेतं ते कळेल.

सर्वे_वही:
काउंटरवर कमाई विचारू नये. विचारायचीच झाली तर कार्डावर रकमेच्या गटांपुढे अक्षरं असतात आणि माणूस फक्त अक्षर सांगतो, शेजारी उभ्याला आकडा कळत नाही. युरोपियन सोशल सर्व्हेच्या कार्डावर ती अक्षरंही मुद्दाम विस्कळीत क्रमाने असतात. मसाल्यासाठी एवढं नको.

भाषा मात्र विसरू नका. देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, मराठी, इंग्रजी. चारही एका कार्डावर कोंबलीत तर अक्षर बारीक होईल. दोन भाषा पुढे, दोन मागे. वाचता न येणाऱ्याला पर्याय वाचून दाखवा आणि तसं वहीत नोंदवा.

पेडण्याची_बाय:
दुकानाच्या कार्डावर नुसतं ‘काजू’ नको, ग्रेड लिहा. डब्ल्यू १८० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, १७० ते १८० अख्खे गर, डब्ल्यू ३२० मध्ये ३०० ते ३२०. आकडा लहान तितका गर मोठा. पर्यटकाला उलट वाटतं, म्हणून खाली ‘मोठा गर’ असं साधं लिहा. पाकीटबंद मालाची किंमत छापील एमआरपीच्या वर लिहू नका.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनच्या पाकिटात घरीही होतं. कार्ड आधी कापा, मग चारी बाजूंना ३ मिमी रिकामी कड ठेवून सील करा. सील करून कापलंत तर कडेतून दमट हवा शिरते आणि थर सुटतात. छापताना लेझर. इंकजेटची साधी शाई उन्हात लाल-पिवळ्यापासून उडते, आणि लॅमिनेशन पाणी अडवतं, ऊन नाही. किमतीची जागा मोकळी सोडून मार्करने लिहा, स्पिरिटने पुसा. चकचकीत फिल्मच घ्या, मॅटवर डाग राहतो.

फोंड्याचा_प्रेसवाला:
चकचकीतवर ट्यूबलाइट चमकते, आकडा दिसत नाही.

पेडण्याची_बाय:
कार्ड थोडं पुढे कललेलं ठेवायचं, चमक खाली जाते.

काजूगर_म्हापसा:
सगळ्यांचं वाचलं. भाव दर आठवड्याला हलतो, म्हणून काउंटरसाठी काळ्या रंगाच्या लाकडी पाट्या आणि खडू घेतले. ग्रेडचा आकडा आणि खाली ‘मोठा गर’ लिहीनच. चवीसाठी लेझर छापील, दोन संच, पाच पर्याय, तीन आकडी क्रमांक. सगळं बजेटात बसलं. देव बरें करूं.

रंगरेषा:
पहिल्यांदा लिहिण्याआधी खडू आडवा धरून अख्खी पाटी घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. तसं नाही केलंत तर पहिला भाव पाटीवर कायमचा पुसट दिसत राहील.