अनुभव धागा: मोफत वर्ग चालवलेत? कुठं जमलं, कुठं अडलं ते लिहा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

वडगाव, बेळगाव

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत देवळाच्या सभामंडपात चार वर्षं दहावीच्या पोरांसाठी मोफत वर्ग चालतोय. डिसेंबर ते मार्च, रोज संध्याकाळी सात ते नऊ, गणित, सायन्स आणि कन्नड. गल्लीत सगळी मागाची घरं, दिवसभर खडखडाट, पोरांना वही उघडून बसायला कोपरा मिळत नाही, म्हणून आधी नुसती बसायला जागा म्हणून सुरू केलं, शिकवणं नंतर आलं. फी नाही, पगार नाही, चटया देवळाच्या, फळा एका शाळेनं मोडीत काढलेला आणून रंगवला.

आता जूनपासून वर्षभर चालवायचा विचार आहे आणि तिथंच मी अडलोय. पहिल्या वर्षी शिकवणारे नऊ होतो, फेब्रुवारीत तीन उरलो. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची शिफ्ट बदलली, एकाला पुण्यात नोकरी लागली. कुणाची चूक म्हणता येत नाही, खरं सायन्सचा वर्ग सतरा दिवस बंद राहिला आणि त्यातली पाच पोरं परत आलीच नाहीत. मी घरी जाऊन बोलावलं तरी नाही आली. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हा ज्यांनी असे वर्ग चालवलेत, चालवून बंद पडलेत, त्यांनी सविस्तर लिहा. कौतुक नंतर करू, गाडी कुठं अडली ते आधी सांगा.

खानापूर तालुका

आम्ही बेळगावातले सहाजण, बहुतेक इंजिनियर, दर रविवारी बाईकनं कणकुंबीच्या बाजूच्या एका गावात जायचो. इंग्लिश आणि गणित. उन्हाळ्यात जोरात चाललं. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच माहीत, रस्ता दिसत नाही, लाईट दोन-दोन दिवस नसते, रेनकोट घालूनसुद्धा वह्या भिजून जायच्या. तरी गेलो. तर वर्गात चार पोरं. आम्ही नाराज, की आपण एवढं भिजून येतोय आणि पोरांना किंमत नाही. मग एका आजीनं सांगितलं, अहो लावणी चाललीय, पोरं शेतात आहेत. आम्ही वर्षाचं टाईमटेबल करताना भाताची लावणी कुणाच्या डोक्यातच नव्हती!

गावात पीयूसी (अकरावी-बारावी) करून घरी बसलेली एक मुलगी होती, आमच्या वर्गात मागं बसून पोरांना गप्प करायची. जुलैत आमचं जाणं थांबलं तेव्हा तिनं स्वतःच्या पडवीत वर्ग सुरू ठेवला, लावणीवरून पोरं आली की सातला, कंदील लावून. आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो तर पोरांचे पाढे आमच्या वेळेपेक्षा पक्के. ती रोज होती, आम्ही आठवड्याला एकदा, फरक तेवढाच.

पुढं तिला मानधन द्यायचं का यावर आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. दोघं म्हणाले सेवा ती सेवा, पैसे आले की बिघडतं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. आम्ही नोकरी करून रविवारी येतो, तिच्याकडं नोकरीच नाही, तिच्याकडून रोजचे दोन तास फुकट घ्यायचे आणि त्याला सेवा म्हणायचं हे मला पटत नाही. शेवटी तिच्या डिग्रीची फी आम्ही भरायची असं ठरलं. दोघं सोडून गेले, वर्ग चालू आहे.

शहापूर, बेळगाव

माझी मातृभाषा कन्नड, माहेर गोकाककडचं. हायस्कूलमधून रिटायर झाले आणि गेली सहा वर्षं मराठी शाळेतल्या पोरांना शनिवार-रविवार कन्नड शिकवते, आमच्याच सोप्यात.

ही पोरं बोलायला घाबरत नाहीत. बाजारात ‘एष्टु’ म्हणून भाव विचारतात, भाजीवाल्या अज्जीशी घासाघीस करतात. पेपर समोर आला की गप्प. का, तर लिपी. मराठीत जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं, आमच्यात पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं खाली लटकतं, त्याला ओत्ताक्षर म्हणतात. त्यात त, न, म, य, र, ल यांची खालची रूपं मूळ अक्षरासारखी दिसतच नाहीत, ती वेगळीच शिकावी लागतात, आणि नेमकं हेच घाईत शिकवून पुढं जातात. दुसरी अडचण रफाराची. मराठीत तो डोक्यावर बसतो, कन्नडात अक्षराच्या उजवीकडं, दिसायला अगदी कन्नड नऊच्या आकड्यासारखा. पहिल्या वर्षी एका मुलीनं ‘सूर्य’ शब्दावर बोट ठेवून विचारलं, बाई, इथं नऊ का लिहिलाय? मी तीस वर्षं शिकवत होते, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण माझ्या वर्गात कन्नड घरचीच पोरं असायची. त्या दिवशी रात्री बसून नवीन तक्ता केला.

आणखी एक. मराठीत ओ एकच आहे, कन्नडात आखूड आणि लांब दोन. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर ‘दे’, लांब म्हटलं तर ‘शिंग’. ए चं पण तसंच. हे कानाला बसायला मी पोरांना घेऊन खडेबाजारात दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत फिरते, लोक बघतात, बघू देत.

अडचण विचारलीत म्हणून लिहिते. एका पोराचे वडील दारात येऊन म्हणाले, आमच्या पोराला कन्नड कशाला लादताय. त्याच आठवड्यात माझ्या नात्यातलं माणूस म्हणालं, तू त्यांच्या पोरांना कशाला शिकवतीस. दोघांनाही चहा दिला. दहावीला कन्नडाचा पेपर आहे आणि तो या पोरानंच लिहायचाय, एवढंच मी दोघांना सांगितलं. ते पोरगं येत राहिलं.

निपाणी

वरच्या बाईंनी ओत्ताक्षराचं लिहिलंय ते वाचून लिहावंसं वाटलं. आमचा वर्ग बायकांचा, बिडी वळणाऱ्या. दुपारी दोन ते साडेतीन, एका घराच्या अंगणात. आधी मराठी वाचन म्हणून काढला होता, दहाजणी आल्या, महिन्यात चार झाल्या. एकीनं स्पष्टच सांगितलं, वाचून काय करू बाई, मला चिकोडीला लेकीकडं जायला गाडी कळली म्हणजे झालं.

मुद्दा असा की 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकच्या गाडीत तिकीट माफ झालं. महाराष्ट्राच्या गाडीवर मराठी पाटी असते ती निदान थोडी ओळखीची, पण फुकटची गाडी कर्नाटकची आणि तिच्यावर पाटी कन्नड. मग दरवेळी कुणालातरी विचारायचं, कंडक्टर खेकसणार. आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि गाड्यांच्या पाट्याच शिकवायला घेतल्या. कन्नडात चिक्कोडी, हुक्केरी असं लिहितात, दोन्हीत क खाली लटकलेला. म्हणून खालच्या क वर जायचं नाही, पहिलं अक्षर बघायचं, चि का हु. निप्पाणीत खाली प. पुठ्ठ्यावर गाड्यांची चित्रं काढून पाट्या लिहिल्या आणि उलटसुलट दाखवायच्या.

आणि बिडीचं सूप मांडीवर ठेवूनच बसायला सांगितलं. आधी आम्ही म्हणायचो तासभर काम बाजूला ठेवा. कसं ठेवणार, मजुरी हजारी बिडीवर मिळते, तासभर हात थांबला की तेवढी कमी. हातानं पान कातरणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं चालूच, डोळे पुठ्ठ्यावर. बघायची सुद्धा गरज नसते त्यांना हाताकडं. चारच्या एकोणीस झाल्या.

आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. एके दिवशी ती चिकोडीवाली आली, चप्पल काढायच्या आधीच दारातनं ओरडली, “बाई, आज कुणाला न इचारता बसलो, आणि बरोबर उतरलो!”

चिकोडी

आमचा पाचवीच्या पोरांचा नवोदय प्रवेश परीक्षेचा वर्ग. नवोदय शाळा आमच्याच तालुक्यात, कोथळी-कुप्पानवाडीला, त्यामुळं आईबापांना तिचं भारी वेड. पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 मार्क, त्यात 40 प्रश्न नुसते आकृत्यांचे, बुद्धिमत्तेचे, बाकी 20 गणित, 20 भाषा. आकृत्या पोरं खेळल्यासारखी सोडवायची, आम्ही खुश. पहिल्या वर्षी सगळा सराव वहीवर घेतला आणि ओएमआर शीट पोरांनी परीक्षेतच पहिल्यांदा बघितली. गोल काळा करायचा, तोही पेननं, खोडता येत नाही. बाहेर येऊन एक पोरगं रडत होतं, एक प्रश्न सोडला आणि पुढचे सगळे गोल एक घर सरकले. अभ्यास त्याचा झाला होता, चूक आमची. आता पहिल्या दिवसापासून झेरॉक्स शीट देतो.

कडोली

मी आता उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. आठवीत असताना गावात एनएमएमएसचा, म्हणजे आठवीच्या पोरांच्या सरकारी स्कॉलरशिप परीक्षेचा, मोफत वर्ग होता, शहरातून दोन सर यायचे. ती स्कॉलरशिप नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, आमच्या घराला ती रक्कम लय मोठी. दोन पेपर, 90-90 प्रश्न. परीक्षेआधी तीन रविवार सर आले नाहीत. फोन नाही, निरोप नाही. आम्ही सातजण समाजमंदिराच्या पायरीवर बारापर्यंत बसायचो, किल्ली त्यांच्याकडं. मला स्कॉलरशिप मिळाली नाही, ते त्यांच्यामुळं असं म्हणत नाही. खरं ती पायरी आठवते. म्हणून आता मी शिकवायला जातो तेव्हा येणार नसलो तर आदल्या रात्री एका पोराच्या घरी निरोप पोचवतो. वर्ग घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, किल्ली गावातल्या माणसाकडं ठेवा.

वडगाव, बेळगाव

कडोलीचे भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमची ती पाच पोरं पण अशीच बसली असणार.

सगळं वाचून आमच्या ग्रुपवर काल बोललो. एका विषयाला एक माणूस हे बंद, प्रत्येक विषयाला जोडी, आणि जोडीतला एकजण गल्लीतलाच पाहिजे. देवळाची किल्ली पुजारीकाकांकडं राहील. दहावी झालेली गल्लीतली दोन पोरं खालच्या वर्गाला घेणार. 2024 पासून कर्नाटकात दहावीची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते, त्यामुळं पहिल्यांदा राहिलेल्यांना निकालानंतर लगेच बसवायचंय, मधे दिवस थोडे असतात, त्यासाठी मे महिन्यात कोण कोण गावात असणार ते आत्ताच विचारून घेतोय. त्या पाचजणांपैकी दोघं मागावर बसतात, त्यांच्याकडं रविवारी परत जाणार आहे.

शहापूरच्या अक्का, तुमचा तो ओत्ताक्षराचा तक्ता बघायला मिळेल का? वडगावातनं शहापूर जवळच, शनिवारी तुमचा वर्ग सुटायच्या वेळेला येतो, सोबत आमच्या कन्नडच्या जोडीला पण घेऊन येतो.