शब्दचर्चा : वर्ड प्रोसेसरमधली ‘स्टाइल’ – शैली, साचा की आणखी काही?

भाषांतरमेज
वर्ड आणि लिबरऑफिस रायटर या दोन वर्ड प्रोसेसरांसाठी मराठी मार्गदर्शिका तयार होते आहे. त्यांत ‘स्टाइल’ म्हणजे फॉन्ट, आकार, अंतरं यांचा एका नावाखाली जपलेला संच. ‘पॅरेग्राफ स्टाइल’, ‘कॅरॅक्टर स्टाइल’ आणि ‘डायरेक्ट फॉरमॅटिंग’ हे तीन शब्द त्यात पानोपानी येतात. ‘परिच्छेदशैली’ वाचून परिच्छेद कसा लिहावा हे सांगताहेत असं वाटतं. ‘अक्षरशैली’ म्हटलं की सुलेखन आठवतं. मग ‘साचा’ चालेल का? की ‘स्टाइल’च ठेवावं?

खिळेजुळारी
‘साचा’ नको. गणपतीचा साचा मागाहून बदलला, तरी आधी काढलेल्या मूर्तीचं नाक बदलत नाही. स्टाइलचं नेमकं उलट आहे. तीनशे पानांच्या पुस्तकात ‘हेडिंग २’ची व्याख्या १४ पॉइंटवरून १६ केली, की ती लावलेले सगळे उपमथळे त्याच क्षणी १६चे होतात. स्टाइल आणि मजकूर यांचं नातं तुटत नाही, हाच तिचा सगळा उपयोग.

‘साचा’ हा शब्द ‘टेम्प्लेट’ला, म्हणजे नवी फाइल जिच्यावरून सुरू करतात त्या नमुना-फाइलीला, चपखल बसतो. वर्डमध्ये टेम्प्लेट बदललं तरी त्यावरून आधी केलेली फाइल तशीच राहते, जोवर त्या फाइलीत स्टाइल आपोआप अद्ययावत करण्याची खूण केलेली नाही. रायटर फाइल उघडताना निदान विचारतो, नव्या स्टाइल घ्यायच्या की जुन्या ठेवायच्या.

स्टाइलसाठी ‘शैली’च घ्यावा. संस्कृतात ‘शैली’ हा शब्द ‘शील’वरून आला आहे: वागण्याची रीत, स्वभाव. वर्ड प्रोसेसरमधली शैलीही मजकुराचा स्वभावच सांगते. हा मथळा, हा उतारा, ही चित्राची ओळ. ‘शैलीदार फलंदाजी’मुळे आपल्या कानाला शैली म्हणजे नटणं वाटू लागलं, पण मुळातला अर्थ इथे जास्त जुळतो.

पानमांडणी
‘शैली’ला माझंही मत. पण संदिग्धता राहू नये म्हणून मार्गदर्शिकेत सुरुवातीला एकदा ‘मांडणीची शैली’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘शैली’. आणि ‘अक्षरशैली’ऐवजी ‘शब्दशैली’ही नको, तो साहित्यातला शब्द आहे. ‘परिच्छेदाची शैली’ आणि ‘अक्षरांची शैली’ असं षष्ठीने फोडून लिहिलं की घोटाळा मिटतो.

फरक वाचकाला असा दाखवता येईल: परिच्छेदाची शैली लावायला मजकूर निवडावा लागत नाही, कर्सर परिच्छेदात कुठेही असला तरी पुरतं. अक्षरांची शैली साधारणपणे निवडलेल्या शब्दांनाच लागते.

वर्डमध्ये तिसरा एक प्रकार आहे, ‘लिंक्ड स्टाइल’. ‘हेडिंग १’ त्यातलीच. मथळ्यातले दोनच शब्द निवडून ती लावली, तर तेवढेच शब्द मथळ्यासारखे दिसतात, परिच्छेद मात्र ‘नॉर्मल’च राहतो. मग अनुक्रमणिकेत अर्धाच मथळा येतो आणि माणूस अनुक्रमणिकेला दोष देतो. हिला ‘जोडशैली’ म्हणावं. स्टाइल्सच्या पट्टीत तळाशी ती बंद करायची सोय आहे, नवशिक्याने जोडशैली बंदच ठेवावी.

भाषांतरमेज
‘डायरेक्ट फॉरमॅटिंग’ला काय म्हणावं? ‘थेट स्वरूपण’ पाठ्यपुस्तकी वाटतं.

खिळेजुळारी
‘वरून दिलेलं रूप’. ‘थेट’पेक्षा ‘वरून’ जास्त खरं बोलतो, कारण थर तसेच असतात: तळाला परिच्छेदाची शैली, तिच्यावर अक्षरांची, सर्वांत वर हाताने दिलेलं ठळक, तिरपं, रंग, आकार. वरचा थर खालच्याला झाकतो. शैली बदलूनही एखादा परिच्छेद जुन्यासारखाच दिसत असेल, तर वरचा थर चिकटलेला आहे असं समजावं. तो काढायला रायटरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-एम दाबा. वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस आणि परिच्छेदाचे समास, अंतरं यांच्यासाठी कंट्रोल-क्यू. मात्र अख्खी फाइल निवडून हे करू नका. हाताने तिरपी केलेली पुस्तकांची नावंही सरळ होतील. अशी नावं निवडीतून वगळून मगच वरचा थर काढावा.

देवनागरी_टंक
शब्दांची चर्चा चालू आहेच, पण मराठी मार्गदर्शिकेत एक गोष्ट ठळकपणे हवी. शैलीच्या फॉन्टच्या खिडकीत दोन घरं असतात, एक लॅटिन लिपीचं, दुसरं ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चं. युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या आजच्या प्रमाण संकेतांतली, देवनागरी दुसऱ्या घराचं ऐकते. लोक पहिल्या घरात ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट निवडतात, आकार १४ करतात, ओके म्हणतात आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. फॉन्ट, आकार, ठळकपणा हे तिन्ही दुसऱ्या घरात वेगळे द्यावे लागतात. वर्डमध्ये मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट या वाटेने जावं. रायटरमध्ये दुसरं घर दिसतच नसेल, तर ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करावं.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइलींत हे फार नडतं. तिथला ‘मराठी’ मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवर बसलेला असतो, म्हणून तो पहिल्या घरातला फॉन्ट घेतो. तो युनिकोडमध्ये बदलला की दुसऱ्या घरात जातो, आणि तिथे भलताच फॉन्ट बसलेला असतो. रूपांतरानंतर पहिलं काम म्हणजे शैलीतलं दुसरं घर भरणं.

या घराला ‘जटिल लिपी’ म्हणवत नाही. आपली लिपी आपल्याला कसली जटिल? ‘भारतीय व इतर लिपी’ असं साधं लिहावं.

पानमांडणी
तिथेच ओळींच्या अंतराचंही सांगा. वर्डमध्ये १२ पॉइंटच्या अक्षरांना ‘एक्झॅक्टली’ १२ पॉइंट दिले, तर ‘मूर्ती’, ‘विद्यार्थी’ यांतले रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. ‘मल्टिपल’ निवडून १.३च्या आसपास ठेवावं. आणि रायटरमधली ‘एम्फसिस’ ही शैली मुळात तिरपी असते. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा तिरपा छाप नसतो, प्रोग्राम उभी अक्षरंच ढकलून कलती करतो. काना कलतो, शिरोरेषा आडवीच राहते. व्याख्येत तिरपं काढून ठळक करा. शैलीचं नाव ‘भर’ असं काम सांगणारं असेल तर हा बदल तिला शोभतो, ‘तिरपं’ असेल तर नाव खोटं पडतं.

भाषांतरमेज
म्हणजे आपण केलेल्या शैलींना ‘लाल १४’ अशी नावं द्यायची नाहीत. ‘उतारा’, ‘कवितेची ओळ’, ‘चित्राची ओळ’ अशी द्यायची. मग ‘हेडिंग १’लाही ‘प्रकरण’ म्हणता येईल?

खिळेजुळारी
ती काढून टाकू नका, तिला जोडनाव द्या. वर्डमध्ये मूळ नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘प्रकरण’ लिहिलं की दोन्ही नावं चालतात. स्वतःची वेगळी शैली करायचीच असेल, तर तिच्या परिच्छेदाच्या खिडकीत आउटलाइन लेव्हल, म्हणजे मथळ्याची पातळी, १ ठेवा, नाहीतर अनुक्रमणिका तिला आपणहून ओळखणार नाही.

क्रियापदाचं राहिलं. शैली ‘लागू करा’ हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. ‘लावा’ लिहा. ‘मथळ्याला शैली लावा’, ‘शैली लागली नाही’, ‘शैली काढा’. ‘बेस्ड ऑन’ला ‘आधारशैली’, म्हणजे जिच्यावरून ही शैली बेतली ती. आणि ‘नेक्स्ट स्टाइल’ला नुसतं ‘पुढची शैली’, म्हणजे मथळ्यानंतर एंटर दाबल्यावर जी येते ती.