खाणीवर कामाला आहे, हेवी लायसन काढायचंय. कमी पैशात कुठे आणि कसं शिकू?

लांज्याचा_चिरेवाला

नमस्कार मंडळी. वय २२, लांजा तालुका. चिऱ्याच्या खाणीवर गाडी भरायला असतो. शेठच्या सहाचाकीवरचे काका गणपतीनंतर काम सोडणार आहेत. शेठ म्हणाले, हेवी लायसन घेऊन ये, गाडी तुझ्या हातात देतो. चारचाकीचं साधं लायसन काढून दोन वर्षं झाली, शेठची बोलेरो मीच चालवतो.

रत्नागिरीत एका स्कूलमध्ये विचारलं तर १८,००० सांगितले. दुसरा एक म्हणाला, ८,००० दे, शिकायला यायची गरज नाही, टेस्टच्या दिवशी फक्त तोंड दाखव. कोल्हापूर स्वस्त पडतं म्हणतात, पण तिथे राहायचं कुठे? माझं शिक्षण सातवी. आठवी पास लागते असंही कोणीतरी घाबरवलंय. घरी आई आणि मी, एकदम १८,००० काढणं होणार नाही. टेस्टला नक्की काय बघतात तेही सांगा.

कुडाळकर_पिकप

बाबा, तुका ट्रकच व्हयो काय काम व्हया, ता आधी ठरव. गाडी आणि माल धरून साडेसात हजार किलोपर्यंत वजनाच्या मालाच्या गाडयेक तुझा साधा लायसन चालता. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टान सांगल्यान तसा. मी त्याच लायसनार आंब्याच्यो पेटये वाशीक नेतंय. पण सहाचाकी चिऱ्याची गाडी म्हणजे हेवीच, थय ही सवलत नाय.

घाटवाट_चिपळूण

कुडाळकरांचं बरोबर आहे. पण पोराला गाडी समोर दिसतेय, शेठ देतोय, तर त्याने हेवीच काढावं. मी आधी चिरे वाहिले, मग कुंभार्लीने कराड-पुणे करत आलोय. सांगतो ते सवडीने वाच.

आठवीचं भूत पहिलं उतरव. ती अट २०१९ लाच काढून टाकली. वय २० पूर्ण लागतं आणि साधं लायसन निदान एक वर्ष जुनं लागतं, दोन्ही तुझ्याकडे आहे. डॉक्टरचा फॉर्म १-अ लागेल. सारथी या सरकारी साइटवर शिकाऊ लायसनचा अर्ज कर. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाल्यावर टेस्ट देता येते. सरकारी फी सगळी धरून हजार-बाराशेच्या आसपास. म्हणजे तुझे १८,००० सरकारकडे जात नाहीत, ते जातात स्कूलच्या गाडीला, डिझेलला आणि मास्तरला. घासाघीस तिथेच करायची.

आता तो ८,००० वाला. त्याच्याकडे जाऊ नको. हेवीला स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकवल्याचा दाखला, लागतोच, तो हा माणूस न शिकवता विकतोय. नियमात स्कूलने ३० दिवस शिकवायचं असतं आणि त्यात निदान १५ तास गाडी तुझ्या हातात द्यायची असते. तुझ्या हातात म्हणजे तू स्टिअरिंगवर. बाकीची पोरं चालवतायत आणि तू मागे हौदात उभा, ते तास धरायचे नाहीत. १८,००० वाल्याला जाऊन एवढंच विचार: गाडी कुठली? एका वेळी पोरं किती? माझे पंधरा तास वहीत लिहून माझी सही घेणार का? टाटा ४०७ वर शिकवतो म्हणाला तर उठून ये. ती गाडी चांगली, पण हेवी नव्हे, आणि टेस्टला हेवीच उभी करावी लागते. टेस्टची गाडी त्याच पैशात आहे का, तेही तोंडावर विचार. बरेच जण टेस्टच्या आदल्या दिवशी गाडीचं वेगळं भाडं सांगतात. पैसे अर्धे आधी, अर्धे फॉर्म ५ हातात आल्यावर.

सराव स्कूलच्या पंधरा तासांत पुरा होत नाही, आणि तुझे पैसे वाचतात ते इथेच. पावसात खाण बंद, शेठची गाडी उभी, काका रिकामे. शिकाऊ लायसन हातात आलं की हेवी लायसनवाला शेजारी बसवून तू चालवू शकतोस. पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा एल लाव, १८ सेंटिमीटरचा चौकोन. गाडी रिकामी ठेव. काकांना दिवसाचे काहीतरी दे, नाहीतर दोन वेळचं जेवण घाल. जुना ड्रायव्हर जेवणावर खूश असतो, चिडतो फक्त गिअर किरकिरला की.

टेस्टला मला विचारशील तर दोनच गोष्टी पोरांना पाडतात, चढ आणि रिव्हर्स.

चढावर गाडी थांबवायची आणि तसूभरही मागे न जाता उचलायची. बोलेरोत जमतं म्हणून इथे जमेल असं नाही. आधी ब्रेकची हवा भरू दे. गेजचा काटा वर आला, बझर बंद पडला, मगच पुढचं. हँडब्रेक ओढलेला, पहिला टाकलास, क्लच हळूहळू सोडतोयस. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि केबिनचं नाक जरासं वर येतं. पाय तिथेच थांबव. मग हँडब्रेक सोड, फुस्स होईल, गाडी जागेवरच धरलेली असेल. आता रेस. बरीच पोरं नाक वर यायच्या आधीच हँडब्रेक सोडतात. खाणीच्या रस्त्यावरचा चढ यासाठी उत्तम. पावसात चिखल असेल तिथे मात्र नको, चाक फिरलं तर शिकायचं ते राहतं आणि क्लचप्लेट जळते.

रिव्हर्सला दोन्ही आरशांत मागचं चाक दिसलं पाहिजे, नुसता हौद नव्हे. मान बाहेर काढायची सवय लावू नको. स्टिअरिंग एकदम कापायचं नाही, थोडं फिरवायचं, थांबून आरसा बघायचा, मग पुढे. आणि वळताना मागची चाकं आत येतात हे कायम डोक्यात ठेव. आपल्याकडच्या वाडीतल्या रस्त्यांवर अर्धे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, याच कारणाने पडलेले असतात, आणि ज्याचा पडला तो काठी घेऊन उभा असतो.

कोल्हापूर-पुण्याचं म्हणशील, तर सरकारमान्य मोठ्या केंद्रांत हेवीचा कोर्स सहा आठवडे, ३८ तासांचा असतो आणि तिथे पास झालास तर आरटीओची टेस्ट माफ. शिकवणं खरंच चांगलं असतं. पण राहणं-जेवण धरलंस तर तुझ्या हिशेबात बसणार नाही. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत ट्रक ड्रायव्हरचा कोर्स आहे, तो फुकट असतो. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात एक चक्कर टाकून यंदा जवळपास बॅच आहे का ते विचार. बॅच लागली तर माझं वरचं घासाघिशीचं सगळं विसर.

गाडीमालकीण_खेड

घाटवाट भाऊंनी ड्रायव्हरच्या बाजूने सांगितलं, मी मालकाच्या बाजूने सांगते. आमच्या दोन दहाचाकी लोट्याच्या एमआयडीसीत चालतात, हिशेब माझ्याकडे असतो. बाळा, तुझ्या शेठला सांग, फी तुम्ही भरा आणि माझ्या पगारातून महिन्याला कापा. यात त्यांचा तोटा काही नाही. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर दंड मालकालाही होतो. अपघात झालाच तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. ते प्रकरण शेजारच्या घरात बघितलंय, घराच्या कागदांपर्यंत गेलं.

आम्ही एका मुलाची फी अशीच भरली. कागदावर रक्कम, किती महिने, मधेच काम सोडलं तर काय, सगळं लिहून दोघांच्या सह्या. एक मात्र लक्षात ठेव, मालक म्हणाला की फिटेपर्यंत लायसन माझ्याकडे ठेव, तर ठेवायचं नाही. ओरिजिनल तुझ्या खिशात. चांगला मालक मागतही नाही.

आणि पुढेमागे लोट्याच्या केमिकल टँकरवर जायचं मनात आलं तर धोकादायक मालाचा तीन दिवसांचा वेगळा कोर्स करावा लागतो. पगार चांगला असतो, पण घाई नको. आधी चिरे वाहा.

लांज्याचा_चिरेवाला

ताई, काका, खूप आभार. शेठशी बोललो. अर्धी फी ते भरतो म्हणाले, दसऱ्यापासून पगारातून कापणार. चिठ्ठी लिहू म्हटल्यावर जरा हसले, पण हो म्हणाले. गाडीवरचे काकाही तयार आहेत, त्यांना फक्त संध्याकाळी चारनंतर वेळ आहे. स्कूलवाल्याला गाडी विचारली तर आयशर म्हणाला, मोठी की छोटी ते सांगेना. उद्या समोर जाऊन बघतो. नापास झालो तर परत सगळे पैसे भरावे लागतात का? आणि लांज्याला आरटीओचा कॅम्प लागला तर तिथेच टेस्ट होईल का?

घाटवाट_चिपळूण

आयशर दोन्ही येतात, म्हणून आरसीवरचं मालासकट एकूण वजन बघ. ७,५०० किलोच्या वर असेल तरच ती तुझ्या कामाची. नापास झालास तर सात दिवसांनी परत देता येते, फक्त टेस्टची फी नव्याने. तीनदा गेली तर मग ६० दिवस थांबावं लागतं, तेव्हा चढ पक्का झाल्याशिवाय तारीख घेऊ नको. कॅम्पला हेवीची टेस्ट घेतातच असं नाही, आधी फोन करून विचार, नाहीतर स्कूलची गाडी लांज्याला आणायचं डिझेल तुझ्या अंगावर. चारनंतर काका मोकळे असतील तर ठीक, पण पावसात सहालाच अंधारून येतं, तेव्हा त्या दोन तासांत गप्पा नकोत. पहिले चार दिवस नुसता चढ कर. रिव्हर्स नंतर.