विषय: ॲरिझोनात स्वस्तात गोल्फ, गोव्याहून चौघे निघालोय

नमस्कार मंडळी,
सध्या पर्वरीला आहे, अमेरिकेत परत येईन ते जानेवारीच्या शेवटी आणि यावेळी इथले तीन मित्र सोबत आहेत. चौघंही साठीच्या पुढचे, काणकोणला राजबागच्या ९ होलच्या कोर्सवर शिकलेले, बॉल सरळ जातो पण लांब जात नाही. वाळवंटातल्या रिसॉर्टवर राहायचं आणि रोज सकाळी उठून खेळायचं एवढंच डोक्यात आहे, पण स्कॉट्सडेलचे फेब्रुवारीचे रेट बघून एकजण आत्ताच मागे सरकलाय. कुणी स्वस्तात राहून आलंय का?
— पर्वरीहून

---

दादा, आधी तारीख बदला. जानेवारी ते मार्च म्हणजे तिकडे सगळ्यात महाग, त्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीला फिनिक्स ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा, आख्खं स्कॉट्सडेल भरलेलं असतं. पण स्वस्त म्हणून चवथ झाल्या झाल्या पण जाऊ नका हां, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिथले बरेच कोर्स ओव्हरसीडिंगसाठी दोन-तीन आठवडे बंद असतात. उन्हाळ्यातलं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं म्हणून त्यावर रायग्रासचं बी टाकतात, आणि कोर्स उघडला तरी पुढे काही दिवस कार्ट, म्हणजे कोर्सवरची छोटी गाडी, रस्त्यावरच ठेवायची, म्हणजे प्रत्येक बॉलसाठी चालत जा आणि चालत या. आपल्या गुडघ्यांना ते नको. दिवाळी आटोपून निघा, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, हवा मस्त आणि रेट अजून चढलेले नसतात.

जागा म्हणाल तर कासा ग्रांदे गावातलं फ्रान्सिस्को ग्रांदे रिसॉर्ट, फिनिक्स विमानतळावरून गाडीने तासाभरात. बेसबॉलच्या जायंट्स टीमचे मालक होरेस स्टोनहॅम यांनी खेळाडूंच्या सरावासाठी बांधलेलं हॉटेल, स्विमिंग पूलसुद्धा बॅटच्या आकाराचा! भपका नाही, पण रूममधून निघालं की कोर्सच, आणि कोर्स सपाट, झाडांचा. मला तर तेच आवडलं. आदल्या वर्षी आम्ही एका नावाजलेल्या महागड्या कोर्सवर गेलो होतो, तिथे प्रत्येक टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, मधलं वाळवंट ओलांडूनच मारायचं, माझे ९ बॉल गेले आणि मागचा ग्रुप सारखा कंबरेवर हात ठेवून उभा. रडू यायचं बाकी होतं. खेळणाऱ्याला सांभाळून घेणारा कोर्स वेगळाच असतो हो.

टी मात्र नीट निवडा, मित्रांना लाज वाटली तरी पुढच्याच टीवरून खेळवा. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, बॉल २०० यार्ड जात असेल तर एकूण ५२००–५४०० यार्डांचा कोर्स पुरे, हे अमेरिकेतल्या गोल्फ संघटनाच सांगतात. आणि पहिल्या दिवशी स्टार्टरला, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाला, विचारा की वाळवंट रेड पेनल्टी एरिया धरता का, बरेच ठिकाणी धरतात. मग एक जास्तीचा फटका मोजायचा, दोन क्लबांच्या लांबीच्या आत बॉल टाकायचा आणि चला पुढे, बॉल शोधायला आत शिरायचंच नाही.

आमचे हे शिरले होते. दोनच पावलं आत, आणि चोया नावाच्या निवडुंगाचा एक गोळा पोटरीला चिकटला, हाताने ओढायला गेले तर बोटांतही रुतला. काट्यांना उलटे दात असतात, ओढलं की आणखी धरतात. स्टार्टरने खिशातला साधा कंगवा काढला, गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवला आणि एका झटक्यात उडवला. उरलेले काटे मी रात्री दिव्याखाली चिमट्याने एकेक करून काढले, अकरा वाजले. सापाचीही भीती असतेच, रॅटलस्नेक, म्हणून झुडपात हात घालायचा नाही म्हणजे नाही.

ट्वायलाइट रेट, म्हणजे दुपारनंतरचा, स्वस्त दिसेल पण नोव्हेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, तुमचे १८ होल पुरे होणार नाहीत, सकाळचंच घ्या. आणि कोकमाच्या आगळाची बाटली न्या, नीट बांधून. कोरड्या हवेत घाम दिसत नाही पण जातो, नवव्या होलला मीठ घातलेलं कोकम सरबत म्हणजे काय ते तिथेच कळतं.
— मडगावची वहिनी

---

वहिनी, मनापासून आभार. तिघांना काल म्हापशाला बसवून तुमची मेल वाचून दाखवली, मागे सरकलेला गडी परत तयार झाला. दिवाळीनंतरचं पक्कं करतोय. टी टाइमसाठी, म्हणजे खेळायची वेळ ठरवायला, फोन इथून कधी करू?
— पर्वरीहून

---

रात्री ८ ला करा, तिकडे सकाळचे साडेसात. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत त्यामुळे वर्षभर साडेबारा तासांचाच फरक. चौघांचा एकत्र टाइम मागा, आणि पुढच्या टीची लांबी तेव्हाच विचारून घ्या. कंगवा प्रत्येकाच्या बॅगेत वेगळा हवा दादा, चौघांत एक नको.
— वहिनी