मदत हवी आहे: विमानांच्या रेकॉर्डिंगमध्ये रात्रीची विमानं सापडत नाहीयेत, अर्जंट

निशिगंध
नमस्कार, घरी छोट्या अँटेनाने विमानांचे सिग्नल पकडून त्यांचं रेकॉर्डिंग चालू आहे, नकाशावर लाइव्ह सगळं व्यवस्थित दिसतं पण मागची तारीख टाकली की भलतंच येतं. 14 तारखेला पहाटे 2:40 ला घरावरून मोठं विमान गेलंय हे मला नक्की माहितीये, पण सॉफ्टवेअरमध्ये 14 ला त्या वेळी काहीच नाही, उलट आम्ही न पाहिलेलीच विमानं दाखवतंय. फाइल उघडून बघितली तर नुसती चिन्हं दिसतात, म्हणजे खराब झाली असेल का? रविवारच्या आत हवंय, कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा प्लीज.

शून्य_बिट
कुठलं सॉफ्टवेअर? विंडोज की रास्पबेरी पाय हा छोटा संगणक? घर कुठे आहे? फाइलचं नाव काय, कशात उघडली? एवढ्याशा माहितीवर कोण काय सांगणार.

खारघरकर
एवढी खटपट कशाला करताय, फ्लाइटरडार24 या विमानं दाखवणाऱ्या साइटचं पेड अकाउंट घ्या, जुनी तारीख टाका, प्लेबॅक बघा, पाच मिनिटांचं काम. आणि तुमचा रिसीव्हर असेल तर त्यांना डेटा फीड करा, बिझनेस अकाउंट फुकटच मिळतं.

निशिगंध
मला विकतचं नकोय, आमच्या खिडकीतल्या अँटेनाने जे पकडलं तेच हवंय. घाटकोपर पश्चिम. भाच्याने जर्मनीला जाताना डोंगल (यूएसबीचा रिसीव्हर) आणि रास्पबेरी पाय लावून दिलाय, नकाशाच्या पानावर टार1090 असं नाव वर दिसतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली, नाव ट्रेस फुल आणि पुढे सहा अक्षरं, शेवटी जेसन. भाच्याला मेसेज केलाय पण परीक्षा चालू आहे त्याची.

पुणे_सदतीस
ताई, माझा सल्ला ऐका, टार1090 सोडा आणि विंडोजवर व्हर्च्युअल रडार सर्व्हर टाका, मी कित्येक वर्षं वापरतोय. डेटाबेसचं प्लगइन लावलं की प्रत्येक विमान तक्त्यात येतं, कंपनी, नोंदणी क्रमांक, कधी दिसलं, कधी गेलं, हवं तर एक्सेलमध्ये घ्या.

शून्य_बिट
@पुणे_सदतीस त्यांना जुन्या तारखेचं हवंय, आज नवीन सॉफ्टवेअर टाकून 14 तारीख कुठून येणार? आणि त्या डेटाबेसमध्ये अख्खा मार्ग साठत नाही, पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण एवढंच. नकाशावर रेघ काढायची तर निरुपयोगी.

पुणे_सदतीस
निरुपयोगी कसं? रोजची यादी हवी असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. तुम्हा लिनक्सवाल्यांना सगळ्यांनी काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्यात असंच वाटतं.

हॅमकाका
आधी अँटेना बघा. सिग्नल 1090 मेगाहर्ट्झवर असतो, म्हणजे तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग 6.9 सेंटिमीटर. जाडसर तांब्याची तार तेवढी उभी, खाली चार तारा तेवढ्याच, बाहेरच्या बाजूला 45 अंशात झुकवलेल्या, झाली अँटेना. डोंगलबरोबर येणारा चुंबकाचा दांडा काढून टाका. केबल शक्य तेवढी आखूड ठेवा, पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरतं तिथे चांगली टेप गुंडाळा. गच्चीवर लावली तर पार समुद्रावरची विमानं मिळतील.

शून्य_बिट
काका, अँटेना छान सांगितलीत पण लाइव्ह दिसतंय त्यांना, अडचण तारखेची आहे.

आभाळवेडा
निशिगंध, फाइल खराब नाहीये. त्या फाइल्स जीझिपने दाबलेल्या (आकार लहान केलेल्या) असतात, नावाच्या शेवटी मात्र नुसतं जेसन लिहिलेलं असतं, म्हणून नोटपॅडमध्ये कचरा दिसतो. सेव्हन झिप या प्रोग्रॅमने उघडा, आतलं वाचता येईल. ती सहा अक्षरं म्हणजे विमानाचा हेक्स कोड, त्याची ओळख, भारतातल्या विमानांचा 80 ते 83 ने सुरू होतो. तारखेच्या फोल्डरमध्ये पुढे जे दोन अक्षरी फोल्डर दिसतात ते त्या कोडच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून असतात.

आता तारखेचं. टार1090 मध्ये दिवस यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे बदलतो, आपल्या घड्याळाप्रमाणे नाही. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे त्याचा 14 तारखेचा दिवस आपल्याकडे 14 च्या पहाटे 5:30 ला सुरू होतो आणि 15 च्या पहाटे 5:30 ला संपतो. तुमचे 14 चे पहाटे 2:40 म्हणजे तिकडे 13 चे रात्री 21:10. 13 तारीख उघडून बघा.

निशिगंध
सापडलं!!! 13 तारीख, 21:10, अगदी आमच्या इमारतीवरून रेघ गेलीये. तीन दिवस मी चुकीच्या तारखा बघत बसले होते. खूप खूप आभार.

आता सांगते हे कशासाठी ते. आईला दोन वर्षांपासून रात्री झोप लागत नाही, ती खिडकीशी बसते आणि विमान गेलं की वहीत वेळ लिहिते, बारीक अक्षरात, एकही रात्र चुकलेली नाही. रविवारी तिला 80 पूर्ण होतायत. तिच्या प्रत्येक वेळेपुढे ते विमान कुठलं होतं, कुठून आलं, हे लिहून वही छापून द्यायचीये, आणि एक मोठा नकाशा. रात्री 11 ते पहाटे 5. एकेक हाताने शोधत बसले तर रविवारपर्यंत होणार नाही.

खारघरकर
हे आधी सांगितलं असतं तर मी अकाउंट घ्या म्हटलंच नसतं. आईंना नमस्कार सांगा.

शून्य_बिट
मग यूटीसी तुमच्या फायद्याचंच आहे. रात्री 11 ते पहाटे 5 म्हणजे तिकडे 17:30 ते 23:30, अख्खी रात्र एकाच तारखेच्या फोल्डरमध्ये, मध्यरात्रीला तुटत नाही. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहून देतो आज रात्री, घरापासून 2 किलोमीटरच्या आत आलेलं प्रत्येक विमान, वेळ भारतीय करून. फ्लाइट नंबर असेल तोही येईल, पण कुठून आलं ते एडीएस-बी म्हणजे विमान पाठवतं त्या सिग्नलमध्ये नसतं, ते नंबरवरून वेगळं शोधावं लागेल. फक्त सांगा, ग्लोब हिस्ट्री या जुन्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये सगळ्यात जुनी तारीख कुठली?

निशिगंध
9 जून. वही दोन वर्षांची आहे, पाय मार्चमध्ये लावला होता. आधीचं कुठे गेलं?

शून्य_बिट
डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) आहे का? 8-9 जूनच्या सुमारास कुणी अपडेट केलं का?

निशिगंध
हो, भाच्याने दुरून काहीतरी अपडेट केलं होतं. डॉकर म्हणाला होता बहुतेक.

आभाळवेडा
मग मार्च ते 8 जून गेलं असं समजा. तेव्हा फोल्डर बाहेर जोडलेलं नसणार, कंटेनर म्हणजे डॉकरचा तो डबा नवीन झाला की आतलं सगळं पुसलं जातं. हे भाच्याकडून आत्ताच तपासून घ्या, जोडलेलं नसेल तर पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. आणि पाय कधीही स्विचवरून बंद करू नका, नीट शटडाउन करा, नाहीतर मेमरीतलं जे अजून कार्डावर उतरलेलं नाही ते जातं. जमलं तर एसडी कार्डाऐवजी यूएसबी एसएसडीवर हलवा.

निशिगंध
वाईट वाटलं, पण जूनच्या रात्री तरी आहेत. अजून एक, आई नेहमी विचारते आपल्या गच्चीच्या किती वरून जातं. सॉफ्टवेअर 900 फूट दाखवतं, तेच लिहू?

पुणे_सदतीस
सेटिंगमध्ये जीपीएसची उंची निवडा, ती अचूक.

आभाळवेडा
नका लिहू तसं, दोन्ही आकडे तसेच्या तसे चुकतात. पहिली उंची हवेच्या दाबावरून येते, आणि विमान ती 1013.25 हेक्टोपास्कल हा ठरलेला दाब धरून पाठवतं. पावसाळ्यात मुंबईत दाब 1004 च्या आसपास असतो, एका हेक्टोपास्कलला साधारण 27 फूट, म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट जास्त दिसतं. तुमचे 900 म्हणजे खरे साडेसहाशेच्या घरात. त्या रात्रीच्या मुंबईच्या मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, क्यू पुढचा आकडा (दाब) बघा आणि तेवढी दुरुस्ती करा. जीपीएसची उंची पृथ्वीच्या काल्पनिक गोळ्यावरून मोजतात आणि आपल्याकडे समुद्रपातळी त्या गोळ्याच्या 60 मीटरहून जास्त खाली आहे, म्हणून ती उंची कमी दिसते.

साडेसहाशे पटण्यासारखं आहे. पश्चिमेचा वारा असला की धावपट्टी 27 वर उतरतात, येतात घाटकोपरवरूनच, आणि 3 अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला साधारण 320 फूट खाली येतात. धावपट्टीचं टोक तुमच्यापासून दोन सागरी मैल धरा. हे समुद्रसपाटीपासून हं, गच्चीच्या वर किती ते काढायला जमिनीची आणि इमारतीची उंची वजा करा.

हॅमकाका
आईंसाठी अँटेना मी बनवून देतो, ठाण्यात राहतो, शनिवारी आणून देईन. खिडकी कुठल्या दिशेला आहे?

निशिगंध
पूर्वेला, काका. शनिवारी संध्याकाळी या, पण आईला काही बोलू नका अजून.

शून्य_बिट
स्क्रिप्ट व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीये. 13 तारखेवर चालवून बघितली तर किती ओळी आल्या ते कळवा, आणि वहीत त्या रात्री किती आहेत तेही.

निशिगंध
स्क्रिप्टमध्ये 41, आईच्या वहीत 39. जी दोन नाहीत ती 3:05 आणि 3:12 ची, त्या वेळी ती चहा करायला आत गेली होती, तसं वहीत लिहिलंय.