हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवली तर ॲप आणखी लवकर मरतं. सोलरच्या जोडण्यांचं काय चुकतंय?

कपाट_क्रमांक_९:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचा कॅटलॉग मी सांभाळतो. पगार ग्रंथपालाचा, जावा हौसेने शिकलेलो. ॲप टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर), शोध अपाचे सोलरवर (छतावरचं पॅनल नव्हे, सर्च सर्व्हर), तो वेगळ्या मशीनवर, पोर्ट ८९८३.

सकाळी सगळं ठणठणीत. दुपारी तीनच्या सुमाराला ॲप 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत आडवं होतं. रीस्टार्ट केलं की परत शहाण्यासारखं वागतं. मेमरी कमी पडत असेल म्हणून हीप २ जीबीवरून ६ केली, तर आता डबा खायच्या आधीच लोळण! ब्राउझरमधून थेट सोलरला विचारलं तर उत्तर झटकन येतं.

नळदुरुस्ती:
हीपला हात लावू नका दादा. ॲप मरायला टेकलं की एसएस कमांड (लिनक्सवर चालू जोडण्या दाखवणारी) चालवा आणि ८९८३ कडे गेलेल्या जोडण्या टाइम-वेटमध्ये (आपण आधी बंद केलेली, पण थोडा वेळ रेंगाळणारी जोडणी) किती, क्लोज-वेटमध्ये (समोरच्याने बंद केलेली, आपण न मिटलेली) किती ते मोजा.

कपाट_क्रमांक_९:
आज पावणेबाराला मोजलं. उघड्या फाइलींची मर्यादा ४०९६ (लिनक्स प्रत्येक जोडणीही फाइलच धरतं), त्यात ३७०० च्या वर एकट्या क्लोज-वेट. सांगायला लाज वाटते, पण कोडमध्ये प्रत्येक विनंतीला नवा एचटीटीपी-सोलर-क्लायंट (सोलरशी बोलणारा जावा ऑब्जेक्ट) बनवलाय आणि क्लोज कुठेच नाही. त्यात शोधाच्या पेटीत एकेक अक्षर टाईप केलं की सूचना येतात. म्हणजे 'ज्ञानेश्वरी' लिहिताना काना-मात्रा, पाय मोडणं धरून ११ विनंत्या, ११ क्लायंट. पण वापरात नसलेल्या ऑब्जेक्टचा कचरा जावा आपणहून उचलते ना?

नळदुरुस्ती:
उचलते, पण तिच्या सवडीने. तिथेच तुमच्या हीपचं कोडं सुटतं. रिकामी बसलेली जोडणी काही वेळाने सोलर आपल्या बाजूने बंद करतो. तुमच्या ॲपने 'बरं' म्हणून आपली बाजू मिटायची असते, ती मिटत नाही, म्हणून क्लोज-वेट. टाइम-वेट लिनक्सवर ६० सेकंदांनी आपोआप जातं. क्लोज-वेट ॲपने सोडल्याशिवाय जात नाही. सोलर-क्लायंट आतून जी लायब्ररी वापरतो, त्या जुन्या एचटीटीपी-क्लायंट ४ मध्ये जोडण्यांचा पूल (साठा) चालवणाऱ्या ऑब्जेक्टला फायनलाइझ (कचऱ्यात जाताना चालणारी मेथड) आहे, त्यामुळे कचरा गोळा होताना सॉकेटही (जोडणीची आपल्याकडची टोकं) मिटत होते. हीप तिप्पट केलीत, झाडूवाली क्वचित येऊ लागली, सॉकेट साचले.

कपाट_क्रमांक_९:
म्हणजे मीच तिला सुट्टी दिली! मग प्रत्येक शोधानंतर क्लोज केलं की झालं?

रात्रपाळी_मावशी:
चालेल, पण पाणी प्यायला रोज नवी विहीर कशाला? प्रत्येक अक्षराला नवी टीसीपी जोडणी, आणि प्रत्येकीचा टाइम-वेट तुमच्या बाजूला. लिनक्सवर बाहेर जोडायला सुटे पोर्ट साधारण ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८ हजार. भागिले ६०, सेकंदाला ४७० जोडण्यांच्या आसपास भिंत. वाचनालयाला तेवढी गर्दी कधी होणार नाही, झाली तर पेढे वाटा. तरी सरळ मार्ग एकच: क्लायंट ॲप सुरू होताना एकदाच बनवायचा, सगळ्या थ्रेडनी (ॲपमध्ये एकाच वेळी चालणारी कामं) तोच वापरायचा (त्यासाठीच तो थ्रेड-सेफ आहे, म्हणजे अनेकांनी एकदम वापरला तरी बिघडत नाही), बंद होताना क्लोज.

आणि क्लायंट बनवणाऱ्या बिल्डरमध्ये कनेक्शन टाइमआउट, सॉकेट टाइमआउट दोन्ही स्वतः लिहा. टॉमकॅटकडे मुळात २०० थ्रेड असतात. सोलर एकदा अडला की सगळे त्याच्या दारात उभे राहतात, मग पुस्तक परत घ्यायचं पानसुद्धा उघडत नाही. मी हे भोगलंय, तेही रविवारी.

कपाट_क्रमांक_९:
केलं. क्लायंट एकच, जोडायला २ सेकंद, उत्तराला ५. टाईप करताना ३०० मिलिसेकंद थांबूनच विनंती जाते. हीप परत २ जीबी. आज संध्याकाळी साडेसातला, कुलूप लावायच्या आधी, मोजलं: ८९८३ कडे ६ जोडण्या, क्लोज-वेट शून्य. मावशी, पेढे गर्दी झाल्यावर.